जळू सोडवण्याची विद्या



अहिल्यानगर म्हणायचे ठरवले तरी जिभेवर अजून ‘नगर’च येते, सांभाळून घ्या. याच नगरात १९१७ साली वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेद महाविद्यालय उभे केले. ‘औषधीगुणधर्मशास्त्र’ लिहिणाऱ्या शास्त्रीबुवांच्या गावात या वैद्यपरिषदेचा अध्यक्ष म्हणून बोलायचे, तर मोघम बोलून चालणार नाही. म्हणून एकच विषय घेतो : मानेच्या वरचे विकार आणि रक्तमोक्षण.

ही विद्या आपल्या दवाखान्यांत येण्याआधी रस्त्यावर होती. पाथर्डी तालुक्यातली मढी म्हणजे भटक्यांची पंढरी. तिथे कानिफनाथांच्या यात्रेला येणाऱ्यांत वैदूही असत. त्यांची तुंबडी आणि सुश्रुतांचे ‘अलाबू’ ही एकाच भोपळ्याची दोन नावे. वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी तुंबडी, ही वाटणी आपल्याला पाठ असते. तुंबडी ज्याने आयुष्यभर हातात धरली, त्याला मात्र आपण कधी काही विचारले नाही.

आता जळूकडे येऊ. शरद ऋतूत अर्धशिशीचे रुग्ण वाढतात. गेल्या आश्विनात एक शेतकरी बाई आल्या. डावे कानशील ठणकत होते, उजेड सोसत नव्हता. हळद-मोहरीच्या पाण्यात सोडून तरतरीत केलेली जळू कानशिलावर ठेवली. ती तोंड लावीना. दुधाचा थेंब टाकला, तेव्हा धरली. घोड्याच्या खुरासारखे तोंड पसरले, मान उंचावली. वर ओले फडके टाकून मी शेजारी बसलो. अर्ध्या तासाने बाई म्हणाल्या, “आता खाजतंया, डॉक्टर.” एवढीच खूण हवी होती. दंशाच्या जागी टोचू-खाजू लागले की जळू शुद्ध रक्त पिऊ लागली, असे सुश्रुत सांगतात. तोंडावर सैंधवाची चिमूट टाकली, ती सुटली. ओढून काढली असती तर जखम चिघळली असती.

मित्रांनो, जळू लावायला विद्यार्थी आठवड्यात शिकतो. ‘खाजतंया’ ऐकायला शेजारी बसावे लागते, आणि ते शिकायला फार वेळ लागतो.

सुश्रुतांच्या सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय पुन्हा काढून वाचा. रक्त अति वाहिले तर काय होते, याची यादी तिथे आहे. तिची सुरुवातच शिरोभिताप, आंध्य, अधिमंथ, तिमिर अशी होते. म्हणजे डोक्याचे नि डोळ्यांचे जे विकार घेऊन रुग्ण आपल्याकडे येतो, तेच हात सैल सोडला तर आपण त्याला देऊन पाठवतो. म्हणूनच त्याच अध्यायात रक्त थांबवण्याचे चार उपाय आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. थोडा दोष मागे राहिला तरी चालेल, अतिस्राव नको, हेही तिथेच आहे. सिरावेधाला तर मापच घातले : धडधाकट तरुणाचेसुद्धा एक प्रस्थाहून अधिक नाही. साडेतेरा पळांचा हा प्रस्थ आजच्या मापात साधारण अर्धा लिटर भरतो.

हे माप नसले की काय होते? १७९९च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा सुजला. एका दिवसात त्यांचे दोन लिटरांहून अधिक रक्त काढले गेले आणि त्याच रात्री ते गेले. उपचार करणाऱ्या तिघा डॉक्टरांपैकी सर्वांत तरुण म्हणत होता की रक्त पुरे, श्वासनलिकेला छेद देऊन वाट करू. त्याचे कोणी ऐकले नाही. सुजेने प्राण घेतला की रक्तस्रावाने, यावर वाद होत राहतील. पण घसा मिटत चाललेला रुग्ण समोर असताना जळवांचे मडके उघडायचे नसते, रुग्णवाहिका बोलवायची असते. एकाएकी दृष्टी गेली, डोळा दगडासारखा कडक झाला, तरी तेच.

दुसरी गोष्ट १९८५ सालची, बॉस्टनची. कुत्र्याने तोडलेला एका लहान मुलाचा कान जोसेफ अप्टन या शल्यविशारदाने पुन्हा जोडला. धमनीतून रक्त येत होते, शिरेतून परत जात नव्हते. कान काळा पडू लागला. अप्टन यांनी जळवा लावल्या आणि कान वाचला. साचलेल्या रक्ताला जळूने वाट दिली, तिच्या लाळेतल्या हिरुडिनने ते गोठू दिले नाही. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वैद्यकीय जळवांना रीतसर मान्यता दिली. इथे जळू नेमके काय करते, हे दिसते. चाई, तारुण्यपिटिका, अर्धशिशी यांत ती किती नि कोणाला उपयोगी पडते, हे तितक्याच नेमकेपणाने दाखवणे आपले काम आहे. ‘गुण येतो’ एवढ्यावर भागणार नाही.

आता माझी चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीला एका आजोबांच्या कपाळाला जळू लावली. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. मी विचारले नव्हते. रात्री अकराला मुलगा त्यांना घेऊन आला. उशीचा अभ्रा भिजला होता. दाबपट्टी बांधली, रुग्णालयात पाठवले, आजोबा सावरले. दुसऱ्या दिवशी मी वही घातली आणि पहिल्या पानावर तोच रुग्ण लिहिला.

तेव्हापासून गोळ्या आणि हिमोग्लोबिन विचारल्याशिवाय मी मडक्याचे फडके सोडत नाही. जळूच्या पोटातले एरोमोनास जंतू जखम पिकवू शकतात, म्हणून पुढचे काही दिवस जखम पाहतो. आणि एका बाबतीत मी ग्रंथाच्या पुढे जातो. वाग्भट वापरलेली जळू सात दिवसांनी पुन्हा लावू देतात. ‘ब’ प्रकारची कावीळ नि एचआयव्ही रक्तातून पसरतात हे कळल्यावर एका रुग्णाची जळू दुसऱ्याला लावणे हा गुन्हा मानावा. वाग्भट आज असते, तर त्यांनीही हेच लिहिले असते.

या परिषदेने ठराव अनेक केले आहेत. माझी मागणी लहान आहे. पुढच्या वर्षी येताना प्रत्येकाने आपली वही आणावी : रोग, जागा, जळवा किती, रक्त किती वेळ वाहिले, गुण आला की नाही. आणि पहिल्या पानावर, जिथे थांबायला उशीर झाला तो रुग्ण लिहावा. माझी वही आज बरोबर आणली आहे. ज्याला पाहायची असेल त्याने चहाच्या वेळी मागून घ्यावी.