सार्वजनिक दप्तरातील कागद कसा मागावा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनात थोर पुरुषांची चरित्रे, संस्कार, विद्येचे महत्त्व असे काही ऐकावयास मिळेल, या अपेक्षेने आपण येथे आला असाल. आम्ही मात्र आज आपणांपुढे एक रुक्ष विषय मांडणार आहोत. महापालिकेतील, ग्रामपंचायतीतील, तहसील कचेरीतील कागद सामान्य माणसाने कसा मागावा, हा तो विषय होय. विषय रुक्ष खरा. परंतु जून महिना उजाडला म्हणजे याच विषयापायी आपल्या घरांतून जी धावाधाव होते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. मुलीला गुण उत्तम असतात, प्रवेशही मिळालेला असतो. परंतु आजोबांच्या जातीची व वास्तव्याची नोंद सापडत नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून पडताळणी नाही, आणि पडताळणी नाही म्हणून प्रवेश टिकत नाही. एका पानाअभावी एका पिढीची पायरी चुकते. म्हणून हा विषय निवडला.

जुन्या नोंदींचे मोल आपणां नाशिककरांस निराळे सांगावयास नको. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या जतन केलेल्या आहेत. दूरदेशीचा यजमान येतो, आपले गाव, कुळ व आडनाव सांगतो, आणि उपाध्ये नेमकी ती वही काढून त्याच्या पूर्वजांची नावे त्यास वाचून दाखवितात. यातील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वही उपाध्यांच्या ताब्यात असली तरी तीतील वंशावळ यजमानाची आहे, हे दोघांसही मान्य असते. दुसरे असे की, यजमान आपले गाव व कुळ नीट सांगतो म्हणूनच पान सापडते. सार्वजनिक दप्तराचेही तसेच आहे. आमच्या व्याख्यानाचे सार एवढेच की, कागद आपला आहे म्हणून तो संकोच न धरता मागावा. आणि तो हजारांतील एक आहे म्हणून नेमका मागावा.

कागद आपला आहे, ही गोष्ट एका दिवसात सिद्ध झाली नाही. १९२३ सालच्या शासकीय गुपिते अधिनियमाने सरकारी कागद म्हणजे गुपित अशी एक वृत्तीच कचेऱ्यांतून रुजली होती. १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेच्या खेडुतांनी मजुरीच्या हजेरीपटाच्या नकला मागितल्या आणि भर सभेत त्यांचे वाचन केले. आपल्या महाराष्ट्राने २००२ सालचा माहितीच्या अधिकाराचा अधिनियम केला, त्यासाठी श्री. अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईस आझाद मैदानावर उपोषण केले, हे आपणांस स्मरत असेल. पुढे केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला, आणि तोच आज आपला आधार आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. पहिला प्रश्न असा की, कागद आहे कोठे? चुकीच्या दाराशी केलेल्या खेपा हेच आपल्या लोकांच्या कष्टाचे मोठे कारण आहे. जन्ममृत्यूची नोंद ज्या हद्दीत घटना घडली तेथील निबंधकाकडे असते. नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. तत्पूर्वी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर येथे निरनिराळ्या नगरपालिका होत्या, आणि आज शहरात मोडणारी कित्येक खेडी त्या वेळी ग्रामपंचायतीखाली होती. म्हणून १९६० साली जन्मलेल्या माणसाने आपण आज कोठे राहतो हे न पाहता, जन्म त्या वेळच्या कोणत्या हद्दीत झाला याचा विचार करावा. देवळाली कॅम्पची गोष्ट निराळी. तेथे छावणी मंडळाचे दप्तर पाहावे. खेड्यातील जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे ज्यास आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात असतात, आणि ती बुके बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ठेवलेली असतात. त्यांत पुष्कळदा जातीचाही उल्लेख असतो, आणि जुनी पाने मोडी लिपीत असतात.

जमिनीचा सातबारा आणि आठ-अ तलाठ्यांकडे मिळतो. तलाठ्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे फेरफार नोंदीवरून, म्हणजे गाव नमुना नंबर ६ वरून कळते. वारसांची नावे तेथेच लागतात. त्यामुळे आजोबा, पणजोबा आणि आपण यांचे नाते जोडून दाखविण्यास फेरफारासारखा दुसरा कागद नाही. शहरातील घराची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात असते.

शाळेच्या दप्तराविषयी थोडे अधिक बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे, असे आम्ही समजतो. कारण आमच्या नोकरीतील काही वर्षे शाळेचे जनरल रजिस्टर आमच्याच कपाटात असे. पालक येत आणि म्हणत, ‘आमच्या वडिलांचा दाखला द्या.’ परंतु जनरल रजिस्टर हे प्रवेशाच्या क्रमाने लिहिलेले असते, नावांच्या अनुक्रमाने नव्हे. साल ठाऊक नसेल तर शेकडो पाने उलटावी लागतात. शिवाय जुन्या काळी पुष्कळ ठिकाणी आडनाव लिहीत नसत. मुलाचे नाव, बापाचे नाव आणि गाव एवढेच असे. कोठे जातीच्या रकान्यात धंद्याचे नाव पडलेले, कोठे नुसते ‘हिंदू’ एवढेच लिहिलेले. म्हणून कागद मागण्यापूर्वी घरातील वडील माणसांजवळ बसून नाव, उपनाव, जन्माचे अदमासे साल, शाळा आणि गाव यांचे टिपण करावे. शाळा बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली असेल, तर शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आणि खेड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

कोणत्या सालापूर्वीचा कागद हवा, हेही जाणून घ्यावे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिवस ठरलेले आहेत. त्या दिवशी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावे लागते, आणि म्हणून त्यापूर्वीच्या कागदाला अधिक वजन असते.

दुसरा प्रश्न असा की, दार कोणते ठोठवावे? जन्माचा दाखला, सातबारा, शाळेचा उतारा यांसाठी प्रथम साधा नकलेचा अर्ज करावा. आपल्या पूर्वजाची नोंद मागताना आपले नाते दाखविणारा कागद सोबत जोडावा. ज्या सेवा अधिसूचित आहेत, त्या ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने दिलेला आहे. नक्कल मिळेना, किंवा कागद आहे की नाही हेच कळेना, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. रस्त्याचा खर्च, ग्रामसभेचे ठराव, घरकुलाची यादी अशा सार्वजनिक कारभारासंबंधीच्या कागदांसाठी मात्र माहितीचा अधिकार हेच सरळ दार होय.

अर्जाची रीत अवघड नाही. ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास शुल्क माफ आहे. त्याने दाखल्याची प्रत जोडावी. अर्ज एकाच विषयाचा आणि सामान्यतः दीडशे शब्दांच्या आत असावा, असा आपल्या राज्याचा नियम आहे. माहिती कशासाठी हवी, याचे कारण देण्याचे बंधन नाही. ज्यास लिहिता येत नाही, त्याचा अर्ज लिहून घेण्यास साहाय्य करणे हे त्या अधिकाऱ्याचेच कर्तव्य आहे. अर्ज चुकून दुसऱ्या कार्यालयात गेला, तर त्याने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा, असेही कायदा सांगतो.

अर्जाची भाषा कशी असावी? ‘माझ्यावर अन्याय का झाला?’ असे विचारू नये. जे दप्तरात लिहिलेले आहे तेच मागता येते; ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली दिलेला आहे. तेव्हा ‘का’ न विचारता कागद मागावा. नमुन्यादाखल असे लिहावे: ‘सन १९४८ ते १९५३ या काळात आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये अमुक नावाच्या, अमुक वडिलांच्या, अमुक गावच्या विद्यार्थ्याची जी नोंद असेल, त्या पानाची साक्षांकित प्रत मिळावी. त्या काळाचे रजिस्टर उपलब्ध नसल्यास ते केव्हा व कोणाकडे पाठविले किंवा नष्ट केले, त्यासंबंधीच्या कागदाची प्रत मिळावी.’ यातील दुसरे वाक्य फार उपयोगाचे आहे. ‘रजिस्टर सापडत नाही’ असे तोंडी सांगणे सोपे असते; तेच लिहून, सही करून देताना माणूस पुन्हा एकदा कपाट उघडतो.

आणि जे द्याल त्याची पोहोच घ्या. एका कचेरीत आम्हांस तीन वेळा ‘उद्या या’ असे सांगण्यात आले. चौथ्या खेपेस आम्ही लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली, आणि आठव्या दिवशी नक्कल हाती पडली. कारकून तोच होता, कपाटही तेच होते.

माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. मुदत टळल्यास पुढे मिळणारी माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, ‘जोडपत्र ब’ मध्ये वीस रुपयांचा स्टॅम्प लावून अपील करावे. तेथेही समाधान न झाल्यास नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाचे खंडपीठ येथे नाशिकलाच आहे. विनाकारण माहिती अडविणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसास अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये, इतका दंड आयोग करू शकतो. मात्र दुसऱ्या अपिलास पुष्कळ काळ लागतो, म्हणून पहिला अर्जच नीट लिहिण्यात शहाणपण आहे.

आणखी एक सोय फार थोड्यांस ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासननिर्णयान्वये जिल्हास्तरावरील व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांस अभिलेख पाहावयास मिळावेत, असे ठरविलेले आहे. आधी दप्तर डोळ्यांनी पाहावे, पानाचा क्रमांक टिपून घ्यावा, आणि मग तेवढ्याच पानाची प्रत मागावी. त्यामुळे आपला पैसा वाचतो आणि कचेरीचे श्रमही वाचतात.

अधिकाराबरोबर मर्यादाही येतात. शेजाऱ्याच्या घरातील भानगडी उकरण्यासाठी किंवा भाऊबंदकीचे उट्टे काढण्यासाठी हा कायदा नाही. दुसऱ्याच्या खाजगी माहितीसंबंधीचा अपवाद २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अधिक कडक केला असून ती सुधारणा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कचेरीतील माणसाशी नम्रतेने बोलावे. पुष्कळदा जुने दप्तर कोणत्या फडताळात आहे, हे त्या एकट्यासच ठाऊक असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, जुन्या कागदात एक अक्षरही वाढवू नये वा खोडू नये. पडताळणीच्या वेळी शंका आल्यास दक्षता पथक मूळ रजिस्टरच पाहते. शाईचा व अक्षराचा फरक तेथे लपत नाही. एका खोट्या नोंदीपायी खऱ्या नोंदीही संशयात पडतात, आणि त्याचे फळ आपल्या सबंध भाऊबंदांस भोगावे लागते. कागद मिळाला नाही तर ‘नोंद आढळत नाही’ असे लेखी घ्यावे आणि दुसऱ्या दप्तराकडे वळावे. शाळेत नसेल ते कोतवाल बुकात असेल, तेथे नसेल ते फेरफारात असेल. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त राज्यभर जुनी दप्तरे तपासली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. आपल्या तरुणांपैकी दोघा-चौघांनी जरी मोडी शिकून घेतली, तरी मंडळाची मोठी सेवा होईल.

शेवटी आमची विनंती एवढीच. आपल्या घरी परतल्यावर जूनची वाट न पाहता, येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक कुटुंबाने एक जाड वही करावी. तीत चार पिढ्यांची वंशावळ लिहावी, प्रत्येक नावापुढे गाव, शाळा व अदमासे साल घालावे, आणि मिळालेल्या प्रत्येक नकलेची एक प्रत त्यात लावून ठेवावी. घरातील वृद्ध माणसे आहेत तोवर हे काम सोपे आहे. त्यांच्यामागे ते फार अवघड होईल. ज्या घरात लिहिणारे कोणी नाही, ज्या भगिनीला कचेरीत जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी शेजारच्या शिकलेल्या मुलाने अर्ज लिहून द्यावा. विद्या घेतली ती याचसाठी. अशी वही आपल्या घराघरांत तयार झाली, तर पुढील जूनमध्ये आपल्यापैकी एकाही मुलीस एका पानासाठी प्रवेश सोडावा लागणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो.