केडगावचं बांधकाम

मध्य प्रांतात 1896-97 साली भीषण दुष्काळ पडला.

पंडिता रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. कोवळ्या वयात दुष्काळानेच त्यांचे आई-वडील हिरावले होते. बातमी कळताच त्यांनी मध्य प्रांत गाठला आणि निराधार मुली, विधवा यांना बरोबर घेतलं. अशा सुमारे 300 जणी आल्या. पण पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवायला बंदी! अखेर पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, केडगावला विकत घेतलेल्या शेतावर झोपड्या उभारून त्यांची सोय केली.

आधी माणसं आली, मग भिंती. विहिरी खणल्या, चौथरे उठले, 1898 साली मुक्ती सदन उभं राहिलं. पाठोपाठ प्रशस्त चर्चचं काम निघालं. केवळ निवारा देऊन भागणार नाही, हे रमाबाईंनी नेमकं ओळखलं होतं. म्हणून शाळा, शेती, विणकाम आणि छापखानाही आला. एकेकाळी अन्नाला मोताद असलेल्या मुली तिथे शिशाचे खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल याच छापखान्यात छापलं गेलं.

रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. मुक्ती मिशनचं काम केडगावला आजही चालू आहे.