यकृतातील दाब आणि सुईची वाट



आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आमच्या शाखेतील एक सहकारी रक्ताची उलटी होऊन तीन दिवसांत गेले, तेव्हापासून आम्ही हा विषय वाचू लागलो. दंडावर मोजलेला त्यांचा रक्तदाब ठीक होता. मग दाब वाढला कुठे?

आतडी व प्लीहा यांचे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात येते आणि यकृत-शिरांतून हृदयाकडे जाते. दारूने किंवा हिपॅटायटिस बी, सी या आजारांनी यकृत कठीण झाले की रक्त तुंबते. ते आडवाटेने अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत शिरते. त्या फुगतात आणि एके दिवशी फुटतात.

जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय खात्याची शिल्लक कळत नाही. इथेही या दोन शिरांच्या दाबातला फरक पाहावा लागतो. पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक स्वाभाविक. १० झाला की सावध व्हायचे. १२ पासून रक्तस्रावाचा धोका.

जुनी रीत १९५१ पासूनची. शरीरातील शिरेवाटे नळी यकृत-शिरेत नेतात, ती शीर अडवून दाब घेतात व त्यावरून पोर्टल शिरेचा अंदाज बांधतात. ही रीत आजही प्रमाण आहे. पण अडथळा खुद्द पोर्टल शिरेत किंवा तिच्या फांद्यांत असेल, तर आकडा खरा दाब दाखवत नाही. असे रुग्ण आपल्या देशातही आढळतात.

नव्या रीतीत तोंडावाटे दुर्बीण जठरात नेतात. तिच्या टोकाला अल्ट्रासाऊंड असतो. त्याच्या चित्रावर नजर ठेवून बारीक सुई यकृतातून दोन्ही शिरांत नेतात आणि दाब थेट मोजतात. २०१७ साली कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी २८ रुग्णांवरील प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकालाही इजा झाली नाही. मात्र सुई टोचायची असल्याने ज्यांचे रक्त नीट गोठत नाही, त्यांच्या बाबतीत फार जपावे लागते.

मित्रांनो, आकडा आधी कळला तर गोळ्यांनी दाब उतरवता येतो, फुगलेल्या शिरा रबरी कड्यांनी बांधता येतात. आमचे सहकारी पाय सुजले तरी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत राहिले. तो महिना आलाच नाही. म्हणून हिपॅटायटिस बीची लस घ्या, दारूपासून दूर राहा, आणि घरात कोणाला यकृताचा आजार असेल तर "दाब किती?" हे डॉक्टरांना न लाजता विचारा.