लहानग्यांना कुठे न्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शनिवारी फिरवून आणण्याचे काम मंडळाने माझ्याकडे आणि आणखी दोघींकडे दिले आहे. तेव्हा त्याविषयी तूच बोल, असा आग्रह झाला.

आपली मुले चाळीच्या गॅलरीत वाढली. पडली, भांडली, दहा घरचे खाऊन मोठी झाली. आता निम्म्या चाळी पाडल्या. नव्या इमारती उभ्या राहीपर्यंत कोणी डोंबिवलीला, कोणी इथेच भाड्याच्या खोलीत. दार लावलेले, आईबाप कामावर, आजीचे गुडघे दुखतात. मग मुलाच्या हातात मोबाईल येतो. आजीला बोल लावण्यात अर्थ नाही, तिने तरी काय करावे? पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की तीनचार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी तीन तास तरी हालचाल करावी आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये. दहा बाय दहाच्या खोलीत तीन तास हालचाल कशी व्हावी, हे कोणी सांगत नाही.

पुष्कळ जण म्हणतात, आम्ही नेतो की मॉलमध्ये. न्यावे. पण तिथे मूल बघते ते विकत घ्यायच्या वस्तू, आणि परत येते ते रडत. एवढ्या मुलाला लांब काही लागत नाही, ही माझी समजूत दर शनिवारी पक्की होत चालली आहे.

आमची पहिली फेरी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत झाली. काही जणी हसल्या. पण वर गहू ओतायचा, पट्टा फिरायचा आणि खाली पीठ पडायचे, हे मुलांनी अर्धा तास डोळे न हलवता पाहिले. गिरणीवाल्या भाऊंनी प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट पीठ घातले. आमच्यात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे, तो फारसे बोलत नसे. त्याने हात पुढे करून मोठ्याने म्हटले, “गरम!” घरी जाऊन आईला, आजीला, दूधवाल्याला, सगळ्यांना तेच सांगितले. फेरीने मूल बोलते असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याच्या आईने आधीच इस्पितळात त्याचे कान तपासून घेतले होते, आणि ज्यांचे मूल बोलत नाही त्यांनी ते अगोदर करावेच. पण सांगायला काही असावे लागते, एवढे मात्र खरे.

राणीबागेला आपण सकाळी जातो. बुधवारी ती बंद असते. ही बाग १८६२ सालची. २०१६ साली तिथे पेंग्विन आणले, आणि तेव्हापासून प्रत्येक मुलाला तेवढेच ठाऊक. पेंग्विन दाखवावेत, पण सगळी बाग एका दिवसात उरकू नये. दोन गोष्टी पाहाव्या आणि निघावे. आमच्या मुलांना फार आवडला तो बागेजवळ वस्तुसंग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती. हा हत्ती घारापुरीचा. १८६४ साली तो विलायतेला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला, मग तुकडे जोडून पुन्हा उभा केला. “त्याला लागलं का?” असे एकीने विचारले. सगळ्यांनी मिळून फुंकर घातली. बागेतली गोरखचिंचही दाखवावी. आम्ही हातात हात धरून तिच्या बुंध्याभोवती कडे केले.

चौपाटीबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगते, कारण तिथे जबाबदारी मोठी. माझे माहेर रत्नागिरीकडचे. आमच्याकडे तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणून त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपासचा शनिवार धरावा, म्हणजे चारपाच वाजता पाणी आत गेलेले असते आणि ओली वाळू मोकळी मिळते. हिशेब ढोबळ आहे, वर्तमानपत्रातली वेळ पाहून खात्री करावी. वाळूत खेकड्यांची बिळे असतात. मुलांना फक्त गप्प उकिडवे बसायला सांगावे, खेकडे आपणहून बाहेर येतात. पाच वर्षांखालची एवढी मुले एवढा वेळ गप्प बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत! पावसाळ्यात मात्र पाण्याकडे नेऊ नये. २०१३ साली दीड दिवसाच्या गणपतीला गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना पाकटांनी दंश केला होता.

बसचा प्रवास ही मुलांना वेगळीच सहल वाटते. मुंबईची ट्राम १९६४ साली गेली, जुनी दुमजली बस २०२३ साली गेली. नवी विजेवरची दुमजली आली आहे, तिच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर मुले उतरायला तयार होत नाहीत.

तीन मुलांमागे एक बाई हवीच. जुन्या नऊवारीचे काठ फाडून मी लांब दोरी वळली आहे, तिला हातहात अंतरावर गाठी मारल्या आहेत. रस्ता ओलांडताना प्रत्येकाने आपली गाठ धरायची. फोननंबराची चिठ्ठी सदऱ्याच्या आतून टाचायची. खाऊ म्हणून केळे, दशमी, लाडू चालेल. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे नकोत, धावताना ठसका लागून घशात अडकतात.

आता मुद्द्याचे बोलते, रागावू नका. गेल्या संक्रांतीला आपण हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटले. तुमच्या घरी आहेत, माझ्याही घरी आहेत, झाकणे कुठे गेली कोणास ठाऊक. यंदा वाणाच्या पैशातला निम्मा भाग मुलांच्या भाड्यातिकिटांसाठी ठेवावा, असे मला वाटते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आपल्याला अंगणच उरलेले नाही, तर मुलांना अंगणाकडे न्यावे लागेल, आणि त्याला खर्च येतो. काही घरांना दोन मुलांचे बसभाडेसुद्धा जड जाते. त्या मुलांची नावे आपोआप गळतात, आई सांगते, “आज त्याला बरं नाही.” दोनदा ऐकून घेतले, तिसऱ्यांदा मला समजले.

कार्यकारिणीपुढे मी हा विषय लेखी दिला आहे. पुढच्या बैठकीत मत द्यायला सगळ्याजणी याव्यात, विरोध असला तरी याव्यात. पुढची फेरी कुंभारवाड्याला आहे. मुलांना जुने कपडे घालावेत. आणखी दोन बायका सोबत हव्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी शुक्रवारपर्यंत मला कळवावे.