खिडकींतील भाजी व लाल कोळी



मुंबईसारख्या शहरांत भाजीचा मळा म्हणजे खिडकीच्या जाळींत मावणाऱ्या चारसहा कुंड्या, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. आम्हां वांद्रेकरांपैकीं पुष्कळांचा मळा एवढाच आहे. त्यांत वांग्याचीं दोन झाडें, टोमॅटोचें एक, घेवड्याचा एखादा वेल आणि कोपऱ्यांत तुळस. उत्पन्न मोजूं गेल्यास आठवड्याला एक भाजीहि व्हावयाची नाहीं. परंतु घरच्या एका वांग्याचें जें कौतुक होतें, तें बाजारांतल्या टोपलीभर वांग्यांच्या वांट्याला येत नाहीं. अशा मळ्यावर ऐन तोडणीच्या आठवड्यांत एक बारीक शत्रु चालून येतो. त्याच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

त्याचें नांव लाल कोळी. आमच्या चिंबईच्या कोळी बांधवांनीं या नांवावरून रागावूं नये! पानाच्या पाठीवर तो तलम जाळें विणतो, म्हणून त्याला हें नांव मिळालें. हा प्राणी कीटक मात्र नव्हे. कीटकाला पाय सहा. याला पूर्ण वाढीनंतर आठ. गोत्र पाहिलें तर तो कोळी व गोचीड यांचा भाऊबंद. लांबी अर्धा मिलिमीटर; तेव्हां चष्मा लावूनहि तो सहजासहजीं दिसत नाहीं. दिसते ती त्याची करणी. पानावर टाचणीनें टोचल्यासारखे फिकट ठिपके उमटतात, पुढें तें पान पितळेसारखें दिसूं लागतें आणि शेवटीं वाळतें. संशय आल्यास पानाखालीं पांढरा कागद धरावा व पान टिचकीनें झटकावें. कागदावर पडलेले कण चालूं लागले, कीं निदान पक्कें झालें.

हें संकट बहुधा फाल्गुन-चैत्रांतच कां येतें? या दिवसांत जमिनीवरून येणारा कोरडा वारा दुपारपर्यंत रेंगाळतो आणि समुद्राचा खारा वारा उशिरां पोंचतो. आमच्या शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेंत २८ मार्च १९५६ रोजीं ४१·७ अंश तपमान नोंदलें गेलें, तें अशाच दिवसांत. कोरडी उष्ण हवा लाल कोळ्याला मानवते. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढ होण्यास त्याला सुमारें एक आठवडा पुरतो, आणि एक मादी आपल्या आयुष्यांत शंभराच्या घरांत अंडीं घालते. नर न मिळाला तरीहि तिचें अडत नाहीं. अशा अंड्यांतून नर जन्मतात व वंश पुढें चालतो. त्यांत जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचें काम वांद्र्यांत गल्लोगल्लीं चाललेलें. ती धूळ पानांवर बसते, आणि धुळीच्या पानांवर हा प्राणी अधिकच फोफावतो.

आतां उपायाकडे वळूं. आमच्या शेजारच्या एका वहिनींनीं मला विचारलें, "मास्तर, वांगीं चारपांच दिवसांत उतरावयाचीं आहेत. नातवानें तर कोणतें वांगें कोणाचें तेंहि ठरवून ठेवलें आहे. माळ्यानें एक औषध दिलें आहे; आज मारूं का?" मीं बाटली पाहिली. तिच्यावर ना नांव, ना प्रमाण, ना फवारणीनंतर किती दिवस थांबावें याची सूचना. मीं म्हटलें, "वहिनी, जें कशाचें आहे हें ठाऊक नाहीं, तें नातवाच्या ताटांत जाणाऱ्या वस्तूवर घालूं नये."

यांत केवळ भिडस्तपणा नव्हता, शास्त्रहि होतें. लाल कोळी कीटक नसल्यामुळें पुष्कळशा कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाहीं. उलट, त्याला खाऊन जगणारे प्राणी त्या औषधानें मरतात, आणि रान मोकळें मिळाल्यावर कोळी दुपटीनें वाढतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. मारलेल्या फळबागांतून हा अनुभव जगभर आला. कोळ्यासाठींच असलेलें डायकोफॉल हें औषध आपल्याकडे दीर्घकाळ वापरांत होतें. २०१९ सालीं तें स्टॉकहोम करारान्वयें बंदीच्या यादींत गेलें आणि २०२३ सालीं भारत सरकारनेंहि त्याला मनाई केली. मोनोक्रोटोफॉस भाजीवर मारण्यास तर २००५ पासूनच बंदी आहे. बिननांवाच्या बाटलींत यांपैकीं काय असेल, हें कोणीं सांगावें?

म्हणून तोडणीला किती दिवस उरले आहेत, हें आधीं मोजावें आणि मग उपाय निवडावा.

आठवड्याच्या आंत तोडणी असेल, तर औषध मुळींच नको. शेवटच्या आठवड्यांत थोडीं पानें गेलीं म्हणून फळ फारसें बिघडत नाहीं. अगदीं पितळलेलीं पानें कापून पिशवींत बांधून टाकावीं. कुंडी न्हाणीघरांत न्यावी, माती सांडूं नये म्हणून तिच्या तोंडावर कागद बांधावा, आणि पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. असें तीनचार दिवस रोज सकाळीं करावें. वांगें कोवळेपणींच उतरावें. टोमॅटोवर रंगाची पहिली झांक दिसतांच तो तोडून टोपलींत पिकूं द्यावा. फळावर चुकून कोळी राहिला, तर तो पाण्यानें धुतला जातो. त्यापासून खाणाराला अपाय नाहीं.

तोडणीला तीनचार आठवडे असतील, तर बागेसाठीं मिळणारा मऊ साबण डब्यावर दिलेल्या प्रमाणांत पाण्यांत कालवून वापरावा; कपड्यांची भुकटी नव्हे. एका पानावर आधीं पाहून घ्यावें. तो अंगावर पडला तरच कोळी मरतो. म्हणून पानांची पाठ भिजलीच पाहिजे, आणि अंडीं वांचतात म्हणून चारपांच दिवसांच्या अंतरानें तीनदां तरी फवारावें. वेळ संध्याकाळची. कडुलिंबाचें तेलहि चालतें, परंतु त्याचा उग्र वास लक्षांत घेऊन तोडणीच्या तोंडावर तें वर्ज्य करावें. गंधक जुना उपाय खरा. मात्र बत्तीस अंशांवर उष्मा असतां त्यानें पानेंच करपतात, म्हणजे आमच्या मार्चमध्यें तो निरुपयोगी.

पानांत बारीकसा काळा, टाचणीच्या डोक्याएवढा भुंगेरा फिरतांना दिसला, तर त्याला हांकलूं नये. लाल कोळी हेंच त्याचें अन्न. आपल्याला फुकट मिळालेला हा रखवालदार आहे.

आणि तोडा आटोपलेलें, जाळ्यांनीं वेढलेलें झाड मायेपोटीं ठेवूं नये. तें उपटून बंद पिशवींत टाकावें. कारण कोळी चालत शेजारच्या कुंडीवर जातो आणि वाऱ्यावर तरंगत शेजारच्या खिडकींतहि पोंचतो. वहिनींचीं वांगीं पाण्याच्या फवाऱ्यावरच निभावलीं. झाडें मात्र तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतः उपटलीं, आणि कुंड्या धुऊन नव्या मातीची तयारी केली. श्रोत्यांनीं आज सायंकाळीं आपापल्या कुंड्यांतील एकेक पान उलटून पाहावें, एवढीच विनंति आहे.