आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



“आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?” ही म्हण आम्ही शिक्षकी पेशात असताना एका मुलास भर वर्गात ऐकविली होती. त्याच्या वडिलांनाही आम्हीच शिकविले होते. पुढच्या वर्षी त्या मुलाने शाळा सोडली. त्या शब्दांचा सल अद्याप मनात आहे. म्हणूनच आज आनुवंशिकतेविषयी दोन शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

ती म्हण सर्वस्वी खोटी नव्हे. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी ९२८ प्रौढ अपत्यांची व त्यांच्या मातापित्यांची उंची पडताळून १८८६ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. उंच मातापित्यांची मुले उंच निघतात खरी; परंतु मातापित्यांची उंची सर्वसाधारण मानाहून जितकी अधिक, तिच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकाच अधिकपणा मुलांत सरासरीने उतरतो. ठेंगण्यांचेही तसेच. तात्पर्य, घराण्याचे थोरपण अखंड टिकत नाही आणि उणेपणही टिकत नाही.

१९१८ साली रोनाल्ड फिशर यांनी गणिताने दाखविले की, असे गुण अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांच्या बेरजेतून घडू शकतात. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या पाहणीत उंचीशी निगडित असे १२,००० हून अधिक जनुकीय भेद आढळले.

उंचीत आनुवंशिकतेचा वाटा शेकडा ८० च्या आसपास, असे शास्त्रज्ञ सांगतात. याचा अर्थ पाच फुटांपैकी चार फूट आईबापांचे आणि एक फूट अन्नाचे, असा नव्हे. एका समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील किती भाग जनुकांच्या फरकामुळे, एवढेच तो आकडा सांगतो. परिस्थिती पालटली की आकडाही पालटतो.

रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७० साली दिलेला दृष्टांत शेतकऱ्यास सहज पटेल. एकाच पोत्यातील मिश्र बियाणे दोन वाफ्यांत पेरा. एका वाफ्यास उत्तम खत, दुसऱ्यास निकस माती द्या. प्रत्येक वाफ्यातील रोपारोपांतील फरक बियाण्याचा; पण दोन वाफ्यांमधील फरक केवळ मातीचा! दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्या काळात जनुके पालटत नाहीत. अन्न आणि आरोग्य पालटते.

तेव्हा “अमक्या घराण्याचे रक्तच हुशार” असे बोलणाऱ्यांनी आधी दोन्ही वाफ्यांतील माती पाहावी. आपल्या शिष्यवृत्ती समितीस आमची नम्र विनंती आहे : मुलाचे घराणे विचारू नका, त्याच्या घरी अभ्यासास जागा आहे काय, पुस्तक आहे काय, हे विचारा.

त्या मुलाच्या आडात पाणी होते की नव्हते, हे आम्ही पोहरा सोडून कधी पाहिलेच नाही. आपल्या हातून तरी असे न घडो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.