तेहेतीस मणी, चाळीस दिवस

इंग्रजीत मण्याला 'बीड' म्हणतात. हा शब्द मुळात मण्याचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'प्रार्थना' असा होता. प्रार्थना मोजता मोजता लोकांनी तिचेच नाव त्या लहानशा दाण्याला देऊन टाकले. आणि ज्या देशाच्या भाषेत मणी व प्रार्थना अशी एकजीव झाली, त्याच देशाच्या चर्चने पुढे जपमाळ हातातून खाली ठेविली, हे नवलच म्हटले पाहिजे.

१५३८ साली, आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत निघालेल्या धर्माज्ञांत, अर्थ न समजता आणि चित्त नसता मणी मोजीत बसणे हा आचार त्याज्य ठरविण्यात आला. पुढे संतांचा धावा करण्याची प्रथा अँग्लिकन चर्चने अमान्य केली, तेव्हा तिच्याशी निगडित असलेली माळही मागे पडली. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो, असे समजू नका, हे ख्रिस्तानेच डोंगरावरील प्रवचनात बजाविले आहे. हातात माळ आणि मन बाजारात, या विसंगतीवर आपल्या संतांनीही कोरडे ओढले आहेतच.

तरीही सुमारे साडेचारशे वर्षांनी माळ परत आली. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील टेक्सास येथे लिन बाऊमन या एपिस्कोपल धर्मोपदेशकाच्या प्रार्थनामंडळात तिचे आजचे रूप सिद्ध झाले. रोमन कॅथलिकांच्या रोझरीत ५९ मणी असतात, आणि त्यांतील ५३ मेरीमातेच्या वंदनाचे. या नव्या माळेत मणी तेहेतीसच. सात-सात मण्यांचे चार गट. प्रत्येक गटाला 'आठवडा' म्हणतात. गटांच्या मध्ये चार मोठे मणी, ते माळ पसरली असता क्रूसाच्या चार टोकांसारखे दिसतात. खाली लोंबणाऱ्या क्रूसाच्या वर एक आवाहनाचा मणी. तीन फेऱ्यांचे मणी ९९, आणि क्रूस धरून शंभर. ख्रिस्ताच्या आयुष्याची वर्षे तेहेतीस, सृष्टीचे दिवस सात, असे अर्थही सांगितले जातात. परंतु अशा जुळण्या मागाहून सुचलेल्या असतात, त्यांवर फार भार देऊ नये. खरी लक्षणीय गोष्ट ही, की कोणत्या मण्यावर काय म्हणावे, याचा नियम चर्चने घालून दिलेला नाही.

हे स्वातंत्र्य उपवासकाळात, म्हणजे लेंटमध्ये, उपयोगी पडते. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेल्या राखेचा क्रूस कपाळी लावून हा काळ सुरू होतो. बुधवार ते शनिवार हे पहिले चार दिवस, आणि पुढील सहा आठवड्यांचे सहा-सहा, मिळून चाळीस. रविवार मोजीत नाहीत. तो पुनरुत्थानाच्या स्मरणाचा दिवस, त्या दिवशी उपवास कसला? पश्चात्तापाची स्तोत्रेही परंपरेने सातच मानलेली आहेत. त्यांतील एकेका स्तोत्राचा एखादा चरण घेऊन सात मण्यांचा एक 'आठवडा' पुरा करता येतो. कोणी पौर्वात्य मठांतील लोकरी गाठींच्या दोरीवरचा जप उचलतात. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार मंदिरात दूर उभा राहून, वर न पाहता केवळ दयेची याचना करतो. त्या याचनेशी जवळचे नाते सांगणारे हे एकच वाक्य श्वासासरशी प्रत्येक मण्यावर म्हटले जाते.

पहिल्या आठवड्यात याला फारसे कष्ट पडत नाहीत. कसोटी लागते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. राखेचा बुधवार दूर गेलेला, ईस्टर दृष्टीच्या टप्प्यात नाही, आणि केलेला संकल्प ओझ्यासारखा वाटू लागतो. अशा वेळी ज्याच्या घरी नुकताच मृत्यू घडला आहे, किंवा जो रुग्णशय्येवर रात्र मोजीत आहे, त्याला उत्स्फूर्त प्रार्थना सुचावी अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे. धर्मसुधारकांना निर्जीव पाठांतराचे भय होते. पण शब्द संपलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न त्यांच्या आज्ञेने सुटत नव्हता. असा माणूस एका मण्यावरून दुसऱ्यावर बोट सरकवितो. मन भरकटले तर पुढचा मोठा मणी अंगठ्याला लागतो आणि त्याला जागे करतो. चित्त नसता मणी मोजू नये, हे खरेच. पण हरवलेले चित्त कित्येकदा मण्याच्या स्पर्शानेच परत येते, हेही तितकेच खरे.

या सबंध काळात उपासनेत 'आलेलुया' हा जयघोष वर्ज्य असतो. गुड फ्रायडेनंतरच्या शनिवारी रात्री, ईस्टरच्या जागरणात, तो पुन्हा घुमतो. माळ तीच असते, बोटेही तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रूस सोडून अंगठा आवाहनाच्या मण्यावर येतो, आणि साडेसहा आठवडे ओठांवर न आलेला तो शब्द तेथे पहिल्याने उच्चारला जातो.